नारिंगी शैवाक कसे ओळखावे

युरोपातील जुन्या दगडी भिंती, कौलांची आणि सिमेंटच्या पत्र्यांची छपरे, दफनभूमीतील शिळा, रस्त्याकडेच्या झाडांची खोडे आणि समुद्रकाठचे खडक यांवर पिवळ्या-नारिंगी रंगाचे, कडेने झालर असलेले गोलसर थर दिसतात. त्यांतला सर्वांत सर्रास आढळणारा थर म्हणजे झँथोरिया परिएटिना हे शैवाक. भूमध्य समुद्राचा परिसर, उत्तर आफ्रिका, उत्तर अमेरिकेचे काही किनारी प्रदेश, ऑस्ट्रेलियाचा आग्नेय भाग आणि न्यूझीलंड इथेही ते आढळते. या प्रदेशांत राहणाऱ्या मराठी माणसाच्या घराच्या कुंपणावर किंवा अंगणातल्या सफरचंदाच्या फांदीवर ते असण्याचा संभव मोठा आहे. लिनियसने १७५३ साली ‘लायकेन परिएटिनस’, म्हणजे भिंतीवरचे शैवाक, अशी त्याची नोंद केली. पुढे १८६० साली थिओडोर फ्रीस यांनी त्याला झँथोरिया या प्रजातीत घातले.

गोडा मसाला करणाऱ्या प्रत्येक घराला एक शैवाक माहीत असते, ते म्हणजे दगडफूल. मसाल्यात जाणारे दगडफूल पार्मोट्रेमा या प्रजातीतले आणि त्याच्या जवळच्या नातलगांतले असते. नारिंगी शैवाक त्याहून वेगळ्या कुळातले, पण दोघांच्या शरीराची मूळ रचना एकच आहे. दोन्ही वनस्पती नव्हेत. कवक आणि शैवल यांच्या सहजीवनातून त्यांची शरीरे घडतात. शरीराचा बराचसा भाग कवकाचा असतो. वरची साल, आतला सैल तंतूंचा गाभा आणि खालची साल ही सगळी कवकाची बांधणी. वरच्या सालीच्या लगेच खाली ट्रेबूक्सिया नावाच्या हिरव्या, एकपेशीय शैवलाचा पातळ थर असतो. हे शैवल उन्हात अन्न तयार करते आणि त्यावर कवक जगते. बदल्यात शैवलाला उघड्या खडकावर, जिथे ते एकट्याने टिकणे अवघड, तिथे निवारा मिळतो.

ही गोष्ट सहजासहजी मान्य झाली नाही. स्वित्झर्लंडचे सिमॉन श्वेंडेनर यांनी १८६० च्या दशकाच्या अखेरीस शैवाक दुहेरी असते असे मांडले, तेव्हा त्या काळच्या बहुतेक शैवाकतज्ज्ञांनी त्यांना विरोध केला. त्याच सुमारास, १८६७ साली, रशियात फामिन्त्सिन आणि बरानेत्स्की यांनी याच नारिंगी शैवाकातले हिरवे शैवल वेगळे केले आणि ते कवकाशिवाय स्वतंत्रपणे वाढते हे दाखवले. शैवाकाला दिले जाणारे शास्त्रीय नाव त्यातल्या कवकाचे असते, ही बाबही लक्षात ठेवावी. शैवलाचे नाव वेगळे.

ओळख पटवताना रंगापासून सुरुवात केली की बहुधा चूक होते, कारण नारिंगी रंगाची शैवाके अनेक आहेत आणि याच शैवाकाचा रंग जागेनुसार बदलतो. आधी कडेकडे पाहावे. शैवाकांचे ढोबळमानाने तीन आकार मानतात: दगडाला किंवा सालीला पूर्ण चिकटलेले खपलीसारखे, कडा सुट्या असलेले पानासारखे, आणि उभे किंवा लोंबते झुडपासारखे. झँथोरिया परिएटिना पानासारख्या गटातले आहे. त्याची कड नखाच्या टोकाने हलकेच उचलता येते. उचलली गेली नाही आणि थर खरवडूनच निघत असेल, तर ते खपलीसारखे दुसरेच शैवाक आहे असे समजून पुढे जावे. ही एवढी एक तपासणी निम्म्याहून अधिक गोंधळ मिटवते. ती करताना शैवाक मोडू नये, कडेचा एखादा खंड किंचित उचलला तरी पुरते.

त्यानंतर कडेच्या खंडांची रुंदी पाहावी. या शैवाकाचे खंड सपाट, टोकाला गोलसर आणि साधारण १ ते ४ मिलिमीटर रुंद असतात, क्वचित त्याहूनही रुंद. ते एकमेकांवर थोडे चढलेले असतात आणि पृष्ठभागाला समांतर पसरतात, वर उभे राहत नाहीत. पूर्ण वाढलेला गोल १० सेंटिमीटरपर्यंत जातो. शेजारचे गोल एकमेकांत मिसळले की मोठे सलग पट्टे होतात आणि मग गोलाकार दिसत नाही. खालची बाजू पांढरी असते, तिच्यावर पकड घेणारे फिकट तंतू विरळ असतात.

मधल्या भागात, विशेषतः मोठ्या गोलांत, छोट्या उथळ वाट्या गर्दीने असतात. या वाट्यांत कवकाचे बीजाणू तयार होतात. त्यांचा व्यास १ ते ४ मिलिमीटर असतो, तळ शरीरापेक्षा गडद नारिंगी आणि कडा शरीराच्याच रंगाची. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ही कडा स्पष्ट दिसते. भिंगातून आणखी एक गोष्ट पडताळून पाहावी, आणि ती न दिसणे हीच खूण आहे. या शैवाकाच्या खंडांच्या कडांवर किंवा पृष्ठावर पिठासारखी भुकटी नसते, दाणेदार किंवा बोटांसारखे उंचवटेही नसतात. अनेक शैवाके अशा भुकटीतून किंवा दाण्यांतून पसरतात, हे पसरत नाही. वाट्या भरपूर आणि भुकटी अजिबात नाही, ही या जातीची सर्वांत भरवशाची लक्षणजोडी मानावी.

कधी कधी वाट्या नारिंगी नसून मळकट काळपट दिसतात. ती वेगळी जात नव्हे. झँथोरिइकोला फिशिए नावाचे एक सूक्ष्म कवक या शैवाकावर परजीवी म्हणून वाढते आणि वाट्यांना काळवंडवते. तेव्हा कडेचे निरोगी खंड पाहून ओळख पटवावी.

आता रंग. उघड्या उन्हातल्या भिंतीवर हे शैवाक गर्द नारिंगी असते, अर्धवट उन्हात पिवळे, झाडाच्या सावलीच्या बाजूला पिवळट हिरवे आणि दाट सावलीत तर राखाडी-हिरवट. एकाच खोडाच्या दक्षिण आणि उत्तर बाजूंवर हे दोन टोकांचे रंग दिसू शकतात. रंग पॅरिएटिन या द्रव्याचा आहे. त्याचे बारीक स्फटिक वरच्या सालीत साठतात आणि निळा प्रकाश व अतिनील किरण अडवतात. खाली असलेल्या शैवलाचे तीव्र उन्हापासून रक्षण होते. नॉर्वेतील सोलहाउग आणि गाउस्ला या संशोधकांनी १९९६ साली कोरड्या शैवाकातले पॅरिएटिन ॲसिटोनने धुऊन काढले. शैवाक जिवंत राहिले, पण प्रखर प्रकाशात त्यातल्या शैवलाची अन्न बनवण्याची क्षमता रंग असलेल्या शैवाकापेक्षा जास्त खालावली. सावलीतल्या शैवाकाला या संरक्षणाची गरज कमी, म्हणून त्यात रंग कमी. पावसात भिजले की वरची साल काहीशी पारदर्शक होते आणि खालच्या शैवलाचा हिरवा रंग वर येतो. म्हणून पाऊस नुकताच थांबलेला असताना रंगावरून निष्कर्ष काढू नये. राखाडी दिसणाऱ्या शैवाकात वाट्यांचा तळ मात्र बहुधा नारिंगीच राहतो, आणि त्यावरून ओळख पटते.

शंका उरली तर रासायनिक चाचणी आहे. फिनलंडमध्ये जन्मलेले आणि पॅरिसमध्ये काम केलेले विल्यम न्यूलांडर यांनी १८६६ साली शैवाकांसाठी रसायनांच्या थेंबांची पद्धत सुरू केली, आणि ती आजही रोज वापरली जाते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सुमारे १० टक्के द्रावणाचा अगदी लहान थेंब नारिंगी भागावर ठेवला की काही क्षणांत तो भाग गडद जांभळट-लाल होतो. ही प्रतिक्रिया पॅरिएटिनची आहे. त्यामुळे ती एका जातीची खूण नसून पॅरिएटिन असलेल्या सगळ्या नातलगांची आहे. तिचा खरा उपयोग रंगाने सारख्या पण रसायनाने वेगळ्या शैवाकांना बाजूला काढण्यासाठी होतो. दाट सावलीतल्या राखाडी खंडावर प्रतिक्रिया फिकी येते किंवा येतच नाही, म्हणून थेंब वाटीच्या तळावर ठेवावा. हे द्रावण दाहक असते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय ते हाताळू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये, आणि चाचणी जागेवरच्या जिवंत शैवाकावर न करता वेगळ्या काढलेल्या कणभर तुकड्यावर करावी.

युरोपात या शैवाकाशी गल्लत होणाऱ्या जाती साधारणपणे ठरलेल्या आहेत. झाडांच्या बारीक फांद्यांवर पॉलिकॉलिओना पॉलिकार्पा वाढते. तिच्या गाद्या लहान, एक-दोन सेंटिमीटरच्या, आणि वाट्या इतक्या दाटीने की खालचे खंड दिसतच नाहीत. पॉलिकॉलिओना कँडेलारिया हिचे खंड अतिशय अरुंद व उभे असतात आणि त्यांच्या टोकांवर भुकटी असते. भिंतीवर झँथोरिया कॅल्सिकोला मिळते. ती जास्त गडद, मधोमध खडबडीत चामखिळींनी भरलेली आणि वाट्या कमी असलेली असते. किनारी खडकांवरच्या झँथोरिया ऑरिओलाचे खंड पट्ट्यांसारखे लांब असतात. या दोघी झँथोरिया परिएटिनाच्या फारच जवळच्या आहेत आणि नवख्या निरीक्षकाने त्यांच्याबाबत ठाम विधान न केलेले बरे. कँडेलारिया कॉन्कलर ही लिंबासारख्या पिवळ्या रंगाची, अगदी बारीक खंडांची जाती मात्र चाचणीने लगेच वेगळी पडते, कारण तिच्यात पॅरिएटिन नसते आणि थेंबाने ती जांभळी होत नाही. कॅलोप्लाका गटातली शैवाके जांभळी होतात, पण त्यांचा थर दगडाला पुरता चिकटलेला असतो. काहींच्या कडेला खंडांसारखी नक्षी असते आणि लांबून ती शैवाके फसवतात. नखाची तपासणी इथे कामी येते.

भारतातला प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर झाडांच्या खोडांवर लाल-नारिंगी मखमली लेप दिसतो, आणि अनेकजण त्याला शैवाक समजतात. तो बहुतेक वेळा ट्रेंटेपोलिया हे शैवल असते. वर्गीकरणाने ते हिरव्या शैवलांतले आहे, पण त्याच्या पेशींतली कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये हिरवा रंग झाकून टाकतात. २००१ साली केरळात पडलेल्या लाल पावसाच्या तपासात पाण्याला रंग देणारे कण याच शैवलाचे बीजाणू असल्याचे आढळले. ओळखण्याची खूण सोपी आहे. ट्रेंटेपोलियाला खंड नसतात, वाट्या नसतात, कड नसते. बोट फिरवले तर मऊ तंतूंचा थर लागतो. तेच ट्रेंटेपोलिया उष्ण प्रदेशातल्या अनेक शैवाकांच्या शरीरात जोडीदार म्हणूनही राहते. सह्याद्रीतल्या खडकांवरचे, दगडाला चिकटलेले नारिंगी ठिपके बहुधा खपलीसारख्या गटातले असतात. महाराष्ट्रातल्या शैवाकांचा अभ्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अनेक दशके झालेला आहे, आणि स्थानिक जातींच्या ओळखीसाठी तेच योग्य ठिकाण आहे.

लडाख, स्पितीकडे जाणाऱ्या पर्यटकांना उंचावरच्या खडकांवर जो भगवा-नारिंगी रंग दिसतो, त्यात झँथोरिया एलिगन्स या जातीचा वाटा मोठा आहे. तिचे नाव आता रुसाव्स्किया एलिगन्स असे बदलले आहे, जुने नाव मात्र पुस्तकांत अजून भेटते. तिचे खंड अरुंद, फुगीर आणि दगडाला जास्त घट्ट बिलगलेले असतात, रंग लालसरपणाकडे झुकतो. २००५ साली युरोपीय अवकाश संस्थेने फोटॉन-एम२ या यानाबाहेर ही जाती सुमारे पंधरा दिवस उघड्या अवकाशात ठेवली होती. पृथ्वीवर परतल्यावर तिच्यातले प्रकाशसंश्लेषण पुन्हा सुरू झाले. शैवाक वाळले की त्याची सगळी कामे थांबतात आणि पाणी मिळताच परत सुरू होतात. अवकाशात टिकण्याची क्षमता याच सवयीतून येते, आणि उन्हाने तापलेल्या छपरावर वर्षानुवर्षे जगण्याचे रहस्यही तेच.

झँथोरिया परिएटिना कुठे वाढते हे समजले की ते शोधणे सोपे होते आणि परिसराबद्दलही बरेच कळते. त्याला प्रकाश लागतो, आम्लता नको असते आणि नायट्रोजनयुक्त पोषण भरपूर चालते. म्हणून चुनखडीचा दगड, सिमेंट, चुन्याचा गिलावा त्याला मानवतो. झाडांत ॲश, एल्डर, पॉपलर, विलो यांची कमी आम्ल साल त्याला आवडते, तर ओक आणि बर्च यांची आम्ल साल एरवी नकोशी असते. पक्षी बसतात त्या शिळांच्या माथ्यावर आणि छपराच्या कण्यावर ते सर्वांत दाट असते, कारण विष्ठेतून नायट्रोजन मिळतो. किनाऱ्यावर त्याची जागा तर पट्ट्यांतच आखलेली असते. भरतीच्या रेषेलगत काळ्या शैवाकाचा पट्टा, त्याच्यावर लाटांचे तुषार पोचतात तिथे झँथोरिया आणि कॅलोप्लाका यांचा नारिंगी पट्टा, आणि त्याहून वर राखाडी शैवाके. ब्रिटन आणि आयर्लंडच्या खडकाळ किनाऱ्यांवर हे तीन रंग बरेच अंतर सलग दिसतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. शैवाके दिसली म्हणजे हवा शुद्ध, असे सरसकट सांगितले जाते. शैवाके हवेबद्दल सांगतात हे खरे आहे, आणि ते ओळखणाऱ्यांत पुन्हा न्यूलांडरच पुढे होते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग उद्यानातली शैवाके त्यांनी १८६६ साली नोंदवली आणि १८९६ पर्यंत ती तिथून नाहीशी झाल्याचेही त्यांनीच लिहिले. शहराच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड शैवाकांना मारक असतो. १९७० साली हॉक्सवर्थ आणि रोज यांनी झाडांवरच्या शैवाकांवरून या वायूचे प्रमाण अंदाजण्याची दहा पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. पण जाती न पाहता केवळ हिरवे-पिवळे थर मोजून काहीच ठरत नाही. झँथोरिया परिएटिना मध्यम प्रदूषण सोसते, आणि अमोनिया तर तिच्या पथ्यावर पडतो. नेदरलँड्ससारख्या दाट पशुपालनाच्या प्रदेशांत गोठ्यांतून आणि शेणखतातून उठणाऱ्या अमोनियाने झाडांच्या साली कमी आम्ल झाल्या, आणि जिथे पूर्वी ती नसायची त्या ओकच्या खोडांवरही ती पसरली. त्याच खोडांवरची आम्ल साल मानवणारी शैवाके मात्र मागे हटली. सल्फर डायऑक्साइड कमी झाल्याने अनेक शहरांत झँथोरिया परिएटिना परतली, हेही खरे. तेव्हा ओकच्या खोडावर नारिंगी शैवाकाची दाटी दिसली तर त्याचा अर्थ स्वच्छ हवा असा न लावता आसपास नायट्रोजनचा स्रोत आहे का ते पाहावे: गोठा, खत घातलेले शेत, वर्दळीचा रस्ता. त्याच्यासोबत बारीक राखाडी झुडपासारखी शैवाकेही त्याच फांदीवर असतील, तर चित्र अधिक बरे असण्याची शक्यता आहे. एका जातीवरून निदान करू नये, सोबत्यांची यादी करावी.

इतके सर्रास आढळणारे हे शैवाक पसरते कसे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. वाट्यांतून उडणारे बीजाणू फक्त कवकाचे असतात. शैवल त्यांच्यासोबत जात नाही. नव्या जागी पडलेल्या बीजाणूला योग्य शैवल भेटले तरच नवे शैवाक घडते. भुकटीतून पसरणाऱ्या शैवाकांना ही अडचण नसते, कारण भुकटीच्या प्रत्येक कणात दोन्ही जोडीदार असतात. झँथोरियाचे कोवळे कवक आधीच तिथे असलेल्या फिशियासारख्या दुसऱ्या शैवाकांतले शैवल मिळवते, असे निरीक्षण आहे. शैवाक खाणाऱ्या सूक्ष्म कोळीवर्गीय माइट प्राण्यांच्या विष्ठेत कवकाचे बीजाणू आणि शैवल दोन्ही जिवंत सापडले आहेत. म्हणजे जोडी एकत्र नेणारा वाहकही उपलब्ध असतो. तुटलेले तुकडेही रुजतात. वाढ हळू, वर्षाला काही मिलिमीटर, आणि ती कडेच्या टोकांवर होते. म्हणून मोठ्या गोलांचा मधला जुना भाग गळून पडतो आणि नुसते कडे उरते. ते रोगाचे लक्षण नव्हे.

घराच्या दृष्टीने पाहता, झाडावरचे नारिंगी शैवाक झाडाचे शोषण करत नाही. त्याला मुळे नाहीत, ते सालीत शिरून रस घेत नाही. वाळत चाललेल्या फांदीवर ते जास्त दिसते कारण पाने गळल्याने तिथे प्रकाश पोचतो; फांदी वाळण्याचे कारण दुसरीकडे शोधावे. खोडे खरवडणे किंवा त्यांवर रसायने फवारणे यांतून फायदा होत नाही, सालीला इजा मात्र होते. छपरावरही ते सहसा निरुपद्रवी असते. जुन्या शिळेवरची अक्षरे वाचण्यासाठी ते घासून काढणे टाळावे, कारण घासण्याने दगडाचाही थर जातो. तिरप्या उजेडात छायाचित्र घेतले की अक्षरे बहुधा वाचता येतात. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून त्यांवरचे शैवाक तर कधीच खरवडू नये.

युरोपात पूर्वी पिवळ्या रंगामुळे हे शैवाक काविळीवर देत असत. त्यामागे रंगसाम्याची समजूत होती, गुणाचा पुरावा नव्हता. लोकर रंगवण्यासाठीही ते वापरले जाई. अमोनियात मुरवून काढलेला गुलाबी रंग उन्हात निळसर होतो, हे हातमागाचे काम करणारे आजही करून पाहतात. दगडफुलाचे नातलग म्हणून ते मसाल्यात घालण्याचा विचार मात्र करू नये. ते स्वयंपाकातले शैवाक नाही, आणि रस्त्याकडेची शैवाके हवेतले जड धातू साठवतात.

निरीक्षणाची नोंद करताना तीन छायाचित्रे घ्यावीत: पूर्ण गोलाचे, कडेच्या खंडांचे आणि वाट्यांचे. शेजारी नाणे किंवा मोजपट्टी ठेवावी. पृष्ठभाग कोणता, झाड असल्यास कोणत्या जातीचे, बाजू उन्हाची की सावलीची, शैवाक कोरडे होते की ओले, आणि आसपास काय आहे, हे त्याच वेळी लिहून ठेवावे. नमुना घ्यावाच लागला तर मोठ्या वसाहतीतून नखाएवढा तुकडा पृष्ठभागासकट घ्यावा आणि कागदी पाकिटात कोरडा ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये त्याला बुरशी लागते. दफनभूमी, वारसास्थळे आणि राखीव क्षेत्रे इथून परवानगीशिवाय काहीही उचलू नये. छायाचित्रावरून जातीची खात्री होत नसेल तर ‘झँथोरिया, जाती अनिश्चित’ असे लिहावे. अंदाजाने टाकलेल्या नेमक्या नावापेक्षा ही नोंद पुढच्या अभ्यासकाच्या अधिक कामाची असते.